पट्टा आणि मागचे चाक

गॅरेजवर गाडी आली की गिऱ्हाईक आधी आवाजाबद्दल बोलते. इंजिन घरघरते, हॉर्न बसला आहे, आरसा हलतो, लाइट मंद झाली आहे. जे कानाला ऐकू येते आणि डोळ्यांसमोर असते त्याची तक्रार होते. झाकलेल्या आणि पाठीमागच्या गोष्टींची तक्रार सहसा कोणी करत नाही. गिअर नसलेल्या स्कूटरचा पट्टा डाव्या बाजूच्या कव्हरखाली असतो. मागचा टायर चालवणाऱ्याच्या पाठीमागे, मडगार्ड आणि सायलेन्सर यांच्या आड असतो. गाडी पुढे नेण्याचे काम मात्र हे दोघेच करतात. इंजिनाची ताकद पट्ट्यातून मागच्या चाकात जाते आणि चाकातून रस्त्यावर उतरते. या दोन ठिकाणी रबर थोडे थोडे झिजते, तेव्हा माणूस कामावर पोहोचतो.

या दोन गोष्टी कशा पाहाव्यात आणि का पाहाव्यात, हे लिहायला आम्ही बसलो आहोत. आम्ही म्हणजे दोघे भाऊ. इचलकरंजीत आमचे दुचाकी दुरुस्तीचे छोटे गॅरेज आहे. २००४ साली भाड्याच्या एका गाळ्यात ते सुरू केले. लिहिण्याचे काम धाकट्याकडे आले असले तरी सांगण्यासारखे जे आहे ते दोघांच्या हातांनी मिळवलेले आहे.

इचलकरंजी हे तसे पट्ट्यांचेच गाव. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे घराघरांत मागांचा खडखडाट सुरू झाला. जुन्या शेडमध्ये एका इंजिनावर लांब शाफ्ट फिरत असे आणि शाफ्टवरून मागांना पट्टे गेलेले असत. पुढे प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर आली, तरी मोटरपासून मागापर्यंत पट्टा राहिलाच. आमचे अब्बा एका शेडमध्ये जॉबर होते. माग बिघडला की त्याला चालता करणारा माणूस म्हणजे जॉबर. आम्ही लहानपणी डबा घेऊन शेडमध्ये जायचो तेव्हा अब्बा बंद मागाजवळ बसून पट्ट्याच्या कडेवरून अंगठा फिरवत असलेले दिसायचे. चालत्या पट्ट्याला त्यांनी कधी हात लावला नाही आणि आम्हालाही लावू दिला नाही. कडा भुरभुरीत लागली की मालकाला सांगायचे, "शेठ, हा आठवडाभरात जाईल." मालक म्हणायचा, "अजून चालतोय की." मग एक दिवस पट्टा तुटून माग थांबायचा, विणणाऱ्याची मजुरी बुडायची आणि तोच मालक म्हणायचा, "जॉबर, आधी का नाही सांगितलंस?"

अब्बांचे आम्हा दोघांना एकच सांगणे असे, "पैले हात लगा, फिर मूं खोल." आधी हात लाव, मग तोंड उघड. मागांच्या धंद्यात आम्ही गेलो नाही, पण हे वाक्य गॅरेजात आमच्याबरोबर आले.

आता थोडे स्कूटरबद्दल. आमच्या लहानपणी स्कूटर म्हणजे बजाज चेतक. तिचे गिअर डाव्या मुठीत होते, पट्टा नव्हता. १९८४ साली कायनेटिक होंडा आली. बटण दाबले की सुरू होणारी, गिअर न बदलता चालणारी. तरीही आमच्या भागात अशा गाड्या घरोघरी झाल्या त्या २००१ साली ॲक्टिव्हा आल्यानंतरच. शाळेतल्या बाई, दवाखान्यातल्या सिस्टर, कॉलेजच्या मुली, भाजी आणणारे आजोबा, सगळे या गाडीवर बसले. आमच्या मोहल्ल्यात ज्या घरांतून बाई एकटी बाजारालाही जात नव्हती, त्या घरांतल्या मुली आज स्कूटरवरून कोल्हापूरला शिकायला जातात. क्लच नाही, गिअर नाही, त्यामुळे भीती नाही. ही भीती घालवणारी वस्तू म्हणजे कव्हरखालचा तो रबरी पट्टा.

ही युक्ती जुनी आहे. नेदरलँड्समधल्या डाफ कंपनीने १९५८ साली रबरी पट्ट्यावर चालणारी, गिअर न बदलावी लागणारी मोटार लोकांसमोर आणली. स्कूटरमध्ये तत्त्व तेच. पुढे इंजिनाच्या शाफ्टवर एक पुली, मागे चाकाकडे दुसरी. प्रत्येक पुली दोन तिरप्या ताटल्यांची असते. पुढच्या पुलीत छोटे रोलर असतात. इंजिन जोरात फिरले की ते बाहेरच्या बाजूला सरकतात आणि ताटल्या जवळ ढकलतात. ताटल्या जवळ आल्या की पट्टा वर चढतो. तेवढाच मागच्या पुलीत तो स्प्रिंग दाबून खाली उतरतो. गाडी चालू लागताना पट्टा पुढे लहान वर्तुळात आणि मागे मोठ्या वर्तुळात फिरतो, वेगात याच्या उलट. म्हणजे गिअर बदलत नाही असे नाही. तो क्षणाक्षणाला बदलत असतो आणि प्रत्येक वेळी पट्ट्याच्या दोन्ही बाजू त्या ताटल्यांवर घासत असतात.

म्हणून पट्टा झिजतो तो बाजूंनी. वरून पाहणाऱ्याला तो धडधाकट दिसतो. आम्ही कव्हरचे बोल्ट काढतो, पट्टा बाहेर घेतो आणि व्हर्नियरने त्याची रुंदी मोजतो. कुठल्या गाडीचा पट्टा किती रुंद असावा आणि किती झाल्यावर बदलावा हे कंपनीच्या पुस्तकात असते. नवा आणि बाद यांतला फरक बहुधा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचाच असतो. पट्टा अरुंद झाला की पुढच्या पुलीत तो पूर्वीइतका वर चढत नाही आणि गाडीचा वेग कमी होतो. गिऱ्हाईक म्हणते, "पिकअप गेलाय, इंजिनचं काम करा." इंजिनाला काही झालेले नसते. कधी कधी आम्ही पुढच्या पुलीच्या ताटलीवर स्केचपेनने मधून कडेपर्यंत एक रेघ ओढतो, कव्हर लावून गाडी रस्त्यावर फिरवून आणतो आणि पुन्हा उघडतो. पट्टा जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. कडेजवळ रेघेचा मोठा तुकडा शिल्लक राहिला की पट्टा किंवा रोलर झिजले असा संशय धरायचा.

रुंदीनंतर पट्टा उलटा वाकवून पाहायचा. आतल्या बाजूला दाते असतात. त्यांच्या खाचांत चिरा पडल्या असतील तर वाकवल्यावर त्या उघडतात. सरळ पट्ट्यात त्या दिसत नाहीत. कडेने दोरे बाहेर आले आहेत का, एखादा दाता तुटला आहे का, बाजू आरशासारख्या चकचकीत झाल्या आहेत का, हे पाहायचे. बाजू चकाकत असतील तर पट्टा घसरतो आहे. मग घसरण्याचे कारण शोधायचे. इंजिनाचे किंवा मागच्या गिअरबॉक्सचे ऑइल सील गळत असेल तर पट्ट्याला तेल लागते. तसा पट्टा नुसता पुसून परत बसवणे म्हणजे काम केल्याचा देखावा. नवा पट्टा बसवताना हातालाही ग्रीस नको आणि पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेनेच हवा. बहुतेक स्कूटरांना वीस-पंचवीस हजार किलोमीटरच्या आसपास पट्टा बदलावा लागतो, पण आकड्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही. एकट्या माणसाची गाडी आणि रोज तिघांना वाहणारी गाडी यांचे किलोमीटर सारखे नसतात.

आता मागचे चाक. स्कूटरचे इंजिन मागच्या चाकाला लागूनच असते, त्यामुळे बसणाऱ्यांबरोबर इंजिनाचेही वजन त्याच्यावर येते आणि गाडी ढकलण्याचे कामही तेच करते. त्यातून चाक लहान. ॲक्टिव्हाच्या मागच्या टायरचे माप ९०/१००-१० आहे. हिशेब केला तर हे चाक एका किलोमीटरला सुमारे सातशे तीस फेरे मारते. जुन्या मोटरसायकलचे अठरा इंची चाक तेवढ्याच अंतरात पाचशे वीसच्या आसपास फिरते. तोच रस्ता लहान चाकाला जास्त वेळा घासावा लागतो. म्हणून पुढचा टायर चांगला दिसतो तेव्हा मागचा गोटा झालेला असू शकतो. गाडीवर बसायला जाणाऱ्याला पुढचाच दिसतो.

पाहायचे कसे? इंजिन बंद करा, गाडी मेन स्टँडवर घ्या आणि मागचे चाक हाताने सावकाश फिरवा. एक पूर्ण फेरा होईपर्यंत डोळा हलवायचा नाही. टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे सापडतील. त्या खुणेच्या रेषेत नक्षीच्या खाचेत रबराचा एक छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ९४ व्या नियमात दुचाकीच्या टायरच्या नक्षीची खोली ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी नसावी असे म्हटले आहे. काडेपेटीतल्या काडीच्या जाडीच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. म्हणजे कायद्याने फार काही मागितलेले नाही. आमचे मत असे की तिथपर्यंत थांबूच नये. पावसाळ्यात नक्षीचे काम टायरखालचे पाणी बाहेर काढण्याचे असते. आमच्या भागात गाळपाचा हंगाम आला की उसाच्या ट्रॅक्टरांनी आणलेला चिखल आणि पाचट रस्त्यावर पडलेले असते. दव पडले की त्यावर गुळगुळीत टायर टिकत नाही.

टायरची झीज वाचताही येते. फक्त मधला पट्टा सपाट झाला असेल तर हवा जास्त भरली जाते किंवा गाडी रोज लांब, सरळ रस्त्याने धावते. दोन्ही कडा जास्त झिजल्या असतील तर हवा कमी असते. एकाच बाजूने झीज असेल तर बुश किंवा चाक पाहा. ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉकअप तपासा. बाजूच्या भिंतीला फुगवटा आला असेल तर नक्षी कितीही असो, टायर बाद. शिवाय टायरवर त्याच्या जन्माची तारीख असते. लहान चौकटीतले चार आकडे पाहा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला आहे. कमी चाललेल्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत असते, पण रबर कडक होऊन बारीक चिरा पडलेल्या असतात. २०२० च्या टाळेबंदीनंतर अशा पुष्कळ गाड्या आमच्याकडे आल्या. महिनोन्‌महिने एकाच जागी उभ्या राहून टायर बसले होते, पट्टेही एकाच वाकणात आखडले होते. मालक म्हणत, "गाडी तर चाललीच नाही, मग झिजेल कशी?" उभे राहण्याचीही झीज असते.

पट्टा आणि टायर आम्ही एकत्रच पाहतो. याला कारण आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडी ओढताना पट्ट्यावर ताण येतो, तो तापतो. जास्त ओझे दोघांनाही खाते. ईदच्या आदल्या दिवशी गाड्यांची रांग लागते. दुसऱ्या दिवशी नवे कपडे घालून मियाँ-बीवी आणि दोन लेकरे एकाच स्कूटरवरून जयसिंगपूरला किंवा मिरजेला नातेवाइकांकडे जाणार असतात. त्या दिवशी सगळ्यांना गाडी धुऊन, चमकवून हवी असते. आम्ही आधी मागचे चाक फिरवतो. पॉलिश नंतर.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला. नदीकाठच्या वस्त्यांत घरांत पाणी शिरले आणि दारातल्या गाड्या बुडाल्या. पाणी उतरल्यावर कित्येक दिवस आम्ही फक्त गाळ काढत होतो. लोक इंजिनातले तेल बदलून, प्लग पुसून गाडी सुरू करत आणि सुरू झाली की सुटकेचा श्वास टाकत. पट्ट्याचे कव्हर कोणी उघडत नव्हते. शिरोळ तालुक्यातल्या एका दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या एक सिस्टर गाडी घेऊन आल्या. तक्रार एवढीच, "रेस दिली तरी पळत नाही, भाऊ." कव्हर उघडले तर आत वाळलेला गाळ, जात्यातल्या पिठासारखा बारीक. तो पट्टा आणि ताटल्या यांच्यामध्ये दळला जात होता. पट्ट्याच्या एका कडेने दोरे सुटले होते. मागचा टायरही खुणेला आला होता.

सिस्टरांनी विचारले, "घरातलं सगळं वाहून गेलंय. हे अजून किती दिवस चालेल तेवढं सांगा." या प्रश्नाला कोणताही मिस्त्री खरे उत्तर देऊ शकत नाही. पट्टा दिवस सांगून तुटत नाही. तुटला की इंजिन ओरडत राहते आणि गाडी जागच्या जागी उभी राहते. भर दुपारी बाजारात असे झाले तर चार माणसे ढकलायला येतात. रात्री दोन गावांच्या मधल्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना ऊस, तिथे बाई एकटी असताना झाले तर? आम्ही त्यांना हे काही बोललो नाही. पट्टा त्यांच्या हातात दिला आणि उलटा वाकवायला सांगितला. चिरा उघडल्या. त्यांनी त्या पाहिल्या, सुटलेला दोरा बोटाने ओढून पाहिला आणि म्हणाल्या, "बदला. टायर पगार झाल्यावर." आम्ही म्हटले, "ताई, टायरही आजच. पैसे पगार झाल्यावर." दोन महिन्यांत त्यांनी सगळे पैसे चुकते केले.

हे सांगण्यात आमचा मोठेपणा नाही. उधारी ठेवणे हा आमच्या गावातल्या धंद्याचा भागच आहे. मागांची मजुरी आठवड्याची, आणि मंदी आली की तीही नाही. २०१६ च्या नोटाबंदीनंतर आणि २०१७ च्या जीएसटीनंतर कितीतरी माग बंद पडले, तेव्हा आमच्या गॅरेजचा गल्लाही सुकला. त्या काळात एक गोष्ट आमच्या लक्षात आली. पैशाची ओढाताण सुरू झाली की माणूस गाडीचा पहिला खर्च पुढे ढकलतो तो न दिसणारा. हॉर्न दुरुस्त करून घेतो, पट्टा राहू देतो. ज्याच्या घरात दुसरी गाडी आहे, ज्याला एक दिवस कामाला दांडी मारली तरी चालते, त्याचा पट्टा वेळेवर बदलला जातो. ज्याची पूर्ण रोजी त्या एका स्कूटरवर आहे त्याचाच पट्टा तुटेपर्यंत चालतो. हे आम्हाला टोचते आणि याचे उत्तर आमच्या पान्यांच्या पेटीत नाही.

याच ओढाताणीतून दुसरी एक गोष्ट जन्मते. गुळगुळीत टायरवर गरम पात्याने नवी नक्षी कोरून देणारे असतात. थोड्या पैशांत टायर नव्यासारखा दिसतो. पण ती नक्षी उरलेले रबर कापूनच काढलेली असते. टायर जिथे आधीच पातळ होता तिथे आणखी पातळ होतो. आमच्याकडेही विचारणा होते, "मिस्त्री, कोरून मिळंल का वो?" आम्ही नाही म्हणतो. गिऱ्हाईक रागावून जाते, कधी परत येत नाही. त्याच्या मागच्या सीटवर त्याची बायको किंवा मुलगी बसणार असते, आणि ती टायर पाहायला आलेली नसते. आमच्या दृष्टीने ती अमानत आहे.

या धंद्यातले खरे दुखणे विश्वासाचे आहे. पट्टा कव्हरखाली असल्यामुळे तो बदलला की नाही हे गिऱ्हाईकाला कळत नाही. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे गाडी घेऊन आले. दोनच महिन्यांपूर्वी एका मोठ्या वर्कशॉपात सर्व्हिसिंग झाले होते. बिलात नव्या पट्ट्याचे पैसे लावलेले होते. गाडी झटके मारत होती. त्यांच्यासमोर कव्हर उघडले. आतला पट्टा दोन महिन्यांचा नव्हता. खाचाखाचांत चिरा होत्या आणि रुंदी मर्यादेच्या खाली गेली होती. गुरुजी आमच्याकडे पाहत राहिले. आम्ही त्यांना फक्त मोजमाप सांगितले. कोणी काय केले हे आम्ही पाहिले नव्हते, म्हणून त्याबद्दल बोललो नाही. त्यांनी जुना पट्टा पिशवीत घातला आणि गेले. पैसे परत मिळाले की नाही हे आम्ही विचारले नाही. मात्र तेव्हापासून आम्ही एक रीत पाळतो. काढलेला पट्टा गिऱ्हाईकाच्या डिकीत ठेवायचा. त्यावर तारीख आणि किलोमीटर पांढऱ्या पेनाने लिहायचे. बदलण्याची गरज नसेल तर चिठ्ठीवर मोजलेली रुंदी लिहून द्यायची. सुरुवातीला लोक म्हणायचे, "हे भंगार कशाला देताय?" आता बरेच जण स्वतःहून मागतात.

पट्ट्यावर मोठ्या मोटरसायकलीही चालतात हे आम्हाला ऐकून माहीत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या अनेक मोटरसायकलींना चामड्याचा पट्टा असे, अब्बांच्या जुन्या शेडमधल्या पट्ट्यासारखा. मग साखळी आली. १९८० पासून हार्ले-डेव्हिडसनने मागच्या चाकासाठी दातेरी रबरी पट्टा पुन्हा आणला. असा पट्टा आम्ही प्रत्यक्ष पाहिला तो पुणे-बंगळूर महामार्गावर. पुण्याहून आंबोलीमार्गे गोव्याला निघालेला एक तरुण पेट्रोलपंपावर अडकला होता. पट्ट्यात खडा घुसला म्हणून घाबरला होता. ओळखीच्या पंपवाल्याने फोन केला आणि आम्ही दोघेही गेलो, खरे तर गाडी पाहायच्या हौसेने.

स्कूटरच्या पट्ट्याची झीज बाजूंनी पाहायची, या पट्ट्याची दात्यांनी. दाते आकड्यासारखे वाकडे झिजले असतील किंवा तुटले असतील तर पट्टा लगेच बदलायचा. खड्याने मध्ये भोक पाडले असेल तर लक्ष ठेवून चालवता येते, पण कडेला इजा झाली असेल तर नाही. त्याने आपल्या फोनमधले गाडीचे पुस्तक उघडून दाखवले, त्यातही तेच होते. ताण पाहण्यासाठी पट्ट्यावर दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोंच्या आसपास, जोर लावून तो किती खाली जातो हे मोजायचे असते. आम्ही वजनाच्या ताणकाट्याने ते काम भागवले. भोक मध्ये होते, कडा शाबूत होत्या, ताण ठीक होता. तरुण खूश झाला. मग सवयीने थोरल्याने मागच्या चाकाकडे पाहिले. रुंद टायर, मधोमध सपाट आणि नक्षी खुणेला टेकलेली. बाहेर जुलैचा पाऊस होता आणि पुढे आंबोलीचा घाट. त्या तरुणाने पट्ट्याची काळजी करत दोन तास काढले होते, टायरकडे एकदाही पाहिले नव्हते. टायर दाखवल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी गाडी कोल्हापुरात ठेवून पुढे बसने गेला.

जाताना त्याला आम्ही एक सांगितले. अशा गाडीचा मागचा टायर बदलताना आस काढावाच लागतो, पट्टा सैल होतोच. त्याच वेळी पट्टा फिरवून प्रत्येक दाता पाहून घ्यावा आणि चाक परत बसवल्यावर पट्टा पुलीच्या एका बाजूला दाबून चालत नाही ना हे तपासावे. एका कामात दोन कामे होतात.

आता विजेवर चालणाऱ्या स्कूटर आल्या आहेत. एथरसारख्या काही गाड्यांत मोटरपासून मागच्या चाकापर्यंत असाच दातेरी पट्टा असतो. लोक म्हणतात, "या गाड्यांना काही मेंटेनन्सच नाही." इंजिनाचे तेल नाही, प्लग नाही, हे खरे. पण रबर तर रस्त्यालाच घासते. पट्ट्यात खडे अडकतात, ताण बदलतो. विजेच्या मोटरची ओढ पहिल्या क्षणापासून असते, त्यामुळे घाईने रेस देणाऱ्यांचे मागचे टायर लवकर घासलेले आम्ही पाहतो. आम्हाला वाटले होते की या गाड्या आल्यावर आमचे काम संपेल. काम थोडे बदलले एवढेच.

अब्बा २०१५ साली गेले. शेवटची काही वर्षे ते दुपारी गॅरेजात येऊन स्टुलावर बसत आणि आम्ही काढलेले जुने पट्टे हातात घेऊन पाहत. नजर कमी झाली होती, पण अंगठा शाबूत होता. एकदा एका पोराने झिजलेला पट्टा पाहून मालकाची चेष्टा केली, "काय हाल केलेत गाडीचे!" अब्बा त्याला म्हणाले, "बेटा, झीज म्हणजे गुन्हा नव्हे. काम केलंय म्हणून झिजलाय. मालकाला फक्त वेळेवर कळलं पाहिजे."

वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. महिन्यातून एकदा, जुम्म्याला किंवा रविवारी, जेव्हा सवड असेल तेव्हा गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचे चाक एक फेरा फिरवा आणि खुणेजवळ नक्षी किती उरली ते पाहा. घरातल्या मुलीची गाडी असेल तर तिलाही हे दाखवा, म्हणजे तिला कोणावर अवलंबून राहावे लागणार नाही. पट्टा उघडून पाहण्याची तारीख गाडीच्या पुस्तकात आहे, ती टाळू नका. आणि बदलला असे मिस्त्री म्हणाला तर त्याला म्हणा, "जुना द्या बघू." चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.